सिकंदरबागेचं भगदाड

भगदाड जेमतेम तीन फूट रुंद, तीन फूट उंच, आणि जमिनीपासून साधारण तेवढंच वर. अठरा पौंडी तोफांनी बराच वेळ मारा करून विटांच्या भिंतीत पाडलेलं. आत शिरायचं तर उडी मारून कड धरायची, डोकं आत घालायचं, आणि पलीकडे कुणीतरी तलवार उगारून उभं आहे हे ठाऊक असूनही अंग आत लोटायचं. एका वेळी एकच माणूस. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौच्या सिकंदरबागेत या भोकातून दोन पलटणी एकमेकींना रेटत आत घुसल्या. एक होती स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली ९३ वी सदरलंड हायलँडर्स, गुडघ्यापर्यंतचा घेरदार किल्ट नेसलेली, डोक्यावर पिसांच्या उंच टोप्या घातलेली. दुसरी चौथी पंजाब इन्फन्ट्री. तिच्यातल्या शिखांच्या पुढे तलवार घेऊन सुभेदार गोकुल सिंग होता.

पहिला आत कोण गेला, यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. कुणी म्हणे शीख, कुणी म्हणे हायलँडर. दोन्हीकडे आपापली नावं आहेत आणि ती छातीठोकपणे सांगितली जातात. पण वाद घालताना दोघंही एक गोष्ट मान्य करतात, की आपल्या खांद्याला खांदा लावून तो दुसरा होता. स्कॉट आणि शीख यांच्या मैत्रीची, ‘दोन लढवय्या समाजांच्या समान वारशा’ची गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते, तिथे या भगदाडाची आठवण निघते. म्हणून अभ्यासाला मी हेच प्रकरण घेतलं. या मैत्रीतलं जे खरं आहे आणि जे सांगायचं राहून गेलं आहे, ते दोन्ही या एका दिवसात सापडतं.

आधी जागा समजून घेऊ. सिकंदरबाग हा किल्ला नव्हता. नवाब वाजिद अली शाहने आपल्या सिकंदर महल बेगमेसाठी बांधलेली ती बाग. उंच तट, कोपऱ्यांवर बुरूज, मध्ये एक देखणा मंडप, आणि दारावर अवधच्या राजचिन्हातली माशांची जोडी. रेसिडेन्सीत, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या आवारात, अडकलेल्या इंग्रजांना सोडवायला सर कॉलिन कॅम्पबेल फौज घेऊन निघाला होता आणि त्याच्या वाटेवर ही बाग होती. आत होते बंगाल आर्मीतून उठलेल्या पलटणींचे शिपाई आणि त्यांच्याबरोबरची माणसं. तट भक्कम होता खरा, पण माघारीला वाट नव्हती. भगदाडातून लोंढा आत आला, तिकडे मुख्य दारही गेलं, आणि आतली माणसं चारी भिंतींत कोंडली गेली. दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी मोजदाद केली तेव्हा मृतदेहांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दाराची हकिगत थोडी थांबून सांगायला हवी. आतले शिपाई जड दरवाजा ओढून घेत होते. फट बंद होणार तोच चौथ्या पंजाब इन्फन्ट्रीतल्या एकाने ढालीसकट डावा हात त्या फटीत खुपसला. आतून तलवारीचा वार बसला. त्याने तो हात मागे घेतला आणि उजवा घातला. तोही मनगटापाशी जवळजवळ तुटला, पण दार काही बंद झालं नाही, आणि मागचे लोक आत शिरले. या माणसाचं नाव मुकर्रब खान. पंजाबी मुसलमान. इंग्रजी वृत्तान्तांत या पलटणीला सरसकट ‘शीख’ म्हटलं आहे, पण तिच्यात शीख, पंजाबी मुसलमान, पठाण असे सगळेच होते. ‘शिखांनी दार उघडलं’ असं एका ओळीत लिहून टाकलं की मुकर्रब खानाचे दोन्ही हात त्या ओळीतून गळून पडतात.

आता प्रश्न असा, की स्कॉट आणि शीख हे दोघं तिथे एकत्र आले कसे?

कॅम्पबेलपासूनच सुरुवात करू. हा ग्लासगोचा, एका सुताराचा मुलगा. जन्म १७९२. बापाचं आडनाव मॅकलिव्हर, पण सैन्यात गेला तो मामाचं कॅम्पबेल हे नाव लावून. १३ जानेवारी १८४९ रोजी चिलियांवाला इथे तो शिखांच्या विरुद्ध लढला होता. त्या दिवशी खालसा फौजेने इंग्रजांची इतकी माणसं मारली की लंडनमध्ये सरसेनापती बदलण्याचं ठरलं. महिन्याभराने पंजाबातल्याच गुजरात या गावच्या लढाईत शीख हरले आणि मार्चमध्ये त्यांनी रावळपिंडीजवळ शस्त्रं खाली ठेवली. पंजाब खालसा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी हाही स्कॉटच. लाहोरचा दहा वर्षांचा राजा दुलीपसिंग ज्या डॉक्टरच्या ताब्यात दिला गेला तो जॉन लॉगिनही ऑर्कनी बेटांवरचा. पुढे हा मुलगा विलायतेला गेला आणि काही वर्षं स्कॉटलंडमध्ये पर्थशायरच्या कॅसल मेन्झिसमध्ये राहिला. म्हणजे शिखांचं राज्य घेणाऱ्या हातांत स्कॉटिश हात बरेच होते. आणि चिलियांवालानंतर नऊ वर्षं व्हायच्या आतच तोच कॅम्पबेल शिखांना बरोबर घेऊन लखनौत आला.

शीख का आले, याला एकच कारण नाही. १८४५ ते १८४९ मध्ये त्यांना हरवणाऱ्या कंपनीच्या फौजेत बहुसंख्य शिपाई पूरबिये, म्हणजे अवध-बिहारकडचे होते. तेच पूरबिये आता उठले होते. जुना हिशेब चुकता करायची ही संधी होती. दिल्लीच्या गादीवर पुन्हा मुघल बसवला गेला होता, आणि गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद जिथे झाला त्या दिल्लीबद्दल शिखांच्या मनात काय होतं ते सांगायला नको. खालसा फौज मोडल्यामुळे हजारो हात रिकामे होते. पगार होता, लूट होती. यातलं कोणतंही कारण मला क्षुद्र वाटत नाही. हरलेल्या माणसापुढे जे पर्याय असतात त्यांतूनच तो निवड करतो.

आणि हायलँडर? त्यांची कथा ऐकली की पंजाबची आठवण येतेच. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर हायलँडचं बंड चिरडलं गेलं. पाठोपाठ कायदा आला: डोंगराळ मुलखातल्या पुरुषांनी टार्टन, म्हणजे तिथलं रंगीत चौकड्यांचं कापड, आणि किल्ट घालायचा नाही. तो कायदा १७८२ पर्यंत होता. सूट फक्त सरकारी फौजेत असणाऱ्यांना. म्हणजे आजोबांचा पोशाख अंगावर मिरवायचा तर राजाची बंदूकही खांद्यावर घ्यायची. ९३ वी पलटण १७९९ मध्ये सदरलंडच्या जमीनदारीतल्या कुळांमधून उभी राहिली, गावोगावच्या घरांमधून तरुण मागून. पुढच्या वीस वर्षांत त्याच जमीनदारीने स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली कुळं हुसकावून लावली, घरांची छपरं जाळली आणि त्या जमिनी मेंढ्यांना दिल्या. मुलगा पलटणीत आणि आईबाप समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यावर, अशी कित्येक घरं झाली असतील.

तिकडे सरकारनेच शीख पलटणींत केस, दाढी, पगडी, अमृत घेऊन खालसा पंथाची दीक्षा घेणं या गोष्टी कसोशीने पाळायला लावल्या. हरवलेल्या समाजाची खूण गावात धोक्याची ठरते आणि पलटणीत तीच शोभेची. किल्ट आणि पगडी शेजारी शेजारी उभी राहिली ती या एकाच धोरणातून. मला वाटतं, समान वारसा म्हणायचा तर हा आहे. शौर्य दोघांकडे होतंच, पण ते जगात आणखीही पुष्कळांकडे आहे. पराभवानंतर आपली ओळख टिकवायची तर जिंकणाऱ्याच्या फौजेत जावं लागणं, हे मात्र या दोघांचं खास सामाईक दुःख आहे.

मराठी वाचकाला हे प्रकरण परकं वाटायचं कारण नाही. लखनौला येताना ९३ वी पलटण कानपूरला थांबली होती आणि शिपायांनी बीबीघर पाहिलं होतं. तिथे नानासाहेबांच्या अमलाखाली इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली होती. सिकंदरबागेत हायलँडर शिरले ते कानपूरचं नाव घेत. आणि लखनौ आटोपून कॅम्पबेल परत फिरला तो थेट कानपूरकडेच, कारण तिथे आपल्या येवल्याच्या तात्या टोपेंनी ग्वाल्हेरच्या पलटणी घेऊन इंग्रजांना शहराबाहेर रेटलं होतं. ६ डिसेंबर १८५७ ला तात्यांची फळी फुटली. ती फोडणाऱ्यांत याच दोन पलटणी होत्या, ९३ वी आणि चौथी पंजाब. सिकंदरबागेनंतर वीस दिवसांनी. म्हणून या मैत्रीकडे मी लांबून कौतुकाने बघू शकत नाही. समोरच्या बाजूला उभी असलेली माणसं आपली होती.

बागेतल्या पिंपळाची एक आठवण ९३ व्या पलटणीतल्या एका सार्जंटने लिहून ठेवली आहे. लढाई ओसरल्यावर झाडाखालच्या थंड पाण्याच्या घड्यांशी जवान जाऊ लागले, आणि तिथेच मरून पडू लागले. एका कॅप्टनच्या लक्षात आलं, की जखमा वरून खाली गेलेल्या आहेत. एका जवानाने पानांत नेम धरला, गोळी झाडली, आणि लाल अंगरख्यातला देह खाली कोसळला. अंगरखा उघडला तेव्हा कळलं की ती बाई आहे. कमरेला जुन्या बनावटीची दोन जड पिस्तुलं. ज्याने गोळी घातली तो कसलेला गडी तिथेच रडू लागला. बाई आहे हे कळलं असतं तर मीच मेलो असतो, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. लखनौच्या लोकस्मृतीत ही बाई म्हणजे पासी समाजातली ऊदादेवी. तिचा पुतळा आज सिकंदरबागेपाशी आहे. त्या सगळ्या दिवसात समोरच्या बाजूच्या एका माणसासाठी डोळ्यांत पाणी आल्याची नोंद मला एवढी एकच सापडते. ते डोळे हायलँडरचे होते, हेही सांगितलंच पाहिजे.

मग बक्षिसं वाटली गेली. लखनौच्या त्या एका दिवसासाठी वीसहून अधिक व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा ९३ व्या पलटणीला. काहींची निवड तर साथीदारांनी मतं देऊन केली. त्याच भगदाडातून गेलेल्या गोकुल सिंगाला किंवा त्या दारात हात घातलेल्या मुकर्रब खानाला हे पदक मिळणं शक्यच नव्हतं. हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉससाठी पात्र ठरवलं गेलं १९११ मध्ये. त्याआधी त्यांच्यासाठी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट होती. भिंत एक, भोक एक, पदकं दोन. आज दोन्हीकडचे लोक प्रेमाने ‘बरोबरीने लढलो’ म्हणतात तेव्हा ते भावनेने खरं असतं, पण सरकारी कागदावर ती बरोबरी कधीच नव्हती.

१८५७ नंतर ही जोडी धोरण बनली. शीख, गुरखे आणि हायलँडर यांना एका माळेत ओवून ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त उभा राहिला. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतीने तो इतका लावून धरला की मद्रास आणि मुंबई इलाख्याच्या पलटणी कमी प्रतीच्या ठरवल्या गेल्या. मुंबई इलाख्याच्या पलटणी म्हणजे त्यांत आपले मराठेही आले. जे बंडात सरकारच्या बाजूने उभे राहिले ते ‘जन्मजात लढवय्ये’ आणि जे उठले ते नाहीत, हा त्या सिद्धान्तामागचा हिशेब डोळ्यांत भरण्याइतका उघडा आहे. पुढे तो विसरला गेला, पण कौतुकाची भाषा मात्र राहिली.

तरी प्रत्यक्ष रणावर माणसं एकमेकांना सिद्धान्तावरून ओळखत नाहीत. २० ऑक्टोबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवर दर्गईच्या कड्यावर तीन पलटणींचे हल्ले फसल्यावर गॉर्डन हायलँडर्स पुढे सरसावले आणि त्यांच्या मागोमाग तिसरी सिख पलटण. दोन्ही पायांत गोळ्या लागलेला पायपर जॉर्ज फाइंडलेटर खाली बसून बॅगपाइप वाजवत राहिला. त्याच्या सव्वा महिना आधी, १२ सप्टेंबरला, त्याच मुलखात सारागढीच्या चौकीत हवालदार ईशर सिंगच्या हाताखाली ३६ व्या सिख पलटणीचे २१ जण शेवटच्या माणसापर्यंत लढले होते.

मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरांवर तर स्कॉट, शीख आणि मराठे असे तिघं एकत्र आले. हायलँड लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण दिवसभर उन्हात उतारावर अडकून पडली, तिला पुढे सरकता येईना. मग पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीने फ्लॅट टॉप ही टेकडी घेतली, आणि शेजारचं पिनॅकल घेतलं ते फ्रंटियर फोर्सच्या तिसऱ्या पलटणीने. ही फ्रंटियर फोर्सवाली पलटण म्हणजेच दर्गईची जुनी तिसरी सिख. आणि ती हायलँड पलटण म्हणजे जुनी ७४ वी, जी २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या तोफांपुढे कापली गेली होती. त्या लढाईची खूण म्हणून तिच्या बिल्ल्यावर हत्ती होता. असईच्या हत्तीचा बिल्ला मिरवणारे स्कॉट केरनच्या उतारावर पडलेले आहेत आणि त्यांच्या पुढे मराठे डोंगर चढताहेत, हे चित्र मला कितीही वेळा आठवलं तरी अंगावर काटा येतो. बॅगपाइप तर आपल्या बेळगावच्या मराठा केंद्रातही वाजतो.

वारसदारांचाही विचार करून पाहावा. ९३ वी पलटण आधी ९१ वीत मिसळली आणि २००६ मध्ये रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये. चौथी पंजाब इन्फन्ट्री पुढे ५७ वी वाइल्ड्स रायफल्स झाली, नंतर फ्रंटियर फोर्स रायफल्सचा भाग, आणि १९४७ च्या फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली. म्हणजे शीख-स्कॉट मैत्रीच्या या पहिल्या भगदाडाचा पलटणीतला वारसा आज पाकिस्तानी सैन्याकडे आहे. शिखांकडे आहे ती आठवण.

त्या आठवणीवर स्कॉटलंडमधल्या शिखांनी आज काय उभं केलं आहे? २०११ च्या जनगणनेत ते होते ९,०५५. मूठभरच. त्यांचे पूर्वज पलटणीतून उतरून तिथे स्थायिक झाले असं कुणाला वाटेल, पण सुरुवातीच्या काळात आलेल्यांत बरेच भाटरा शीख फेरीवाले होते, सुटकेसमध्ये कापड घेऊन दारोदार फिरणारे. स्कॉटिश बायकांनी त्यांना ओळखलं ते दारात उभा राहून भाव सांगणारा माणूस म्हणून. पुढे ग्लासगोत गुरुद्वारे झाले. एडिंबराजवळच्या लीथमध्ये १९७६ मध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत गुरुद्वारा आला. १९९९ मध्ये ‘सिंग टार्टन’ची रीतसर नोंद झाली. ज्या कापडावर एकेकाळी बंदी होती, त्या कापडाचा विणीचा एक नमुना आता सिंगांच्या नावावर आहे, आणि तो घालायला कुणाच्या फौजेत जावं लागत नाही.

लीथमध्येच १९८९ मध्ये शीख बायकांनी ‘सिख संजोग’ सुरू केलं. घराबाहेर पडायला, इंग्रजीत बोलायला, कामाला लागायला एकमेकींना मदत करावी म्हणून. त्यांनी चालवलेल्या खानावळीत गोरी माणसं डाळ-रोटी जेवायला येऊ लागली. लढवय्या वारशाच्या कथेत बाई नसतेच, असते ती एखादी झाडावर, गोळी लागून पडण्यापुरती. म्हणून मला ही खानावळ या प्रकरणात मोलाची वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये एका पहाटे लीथच्या गुरुद्वाऱ्याच्या दाराला आग लावली गेली. अशा वेळी सारागढी नि दर्गईच्या कथा फार उपयोगी पडत नाहीत. आग लावणाऱ्याने त्या ऐकलेल्या नसतात. उपयोगी पडतो तो शेजार, रविवारी लंगरात मांडी घालून जेवून गेलेला.

१८५८ च्या वसंतात फेलिचे बेआटो हा फोटोग्राफर लखनौला पोचला. सिकंदरबागेतल्या मंडपाचा त्याने काढलेला फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. मागे गोळ्यांनी चाळणी झालेले खांब, मध्ये एक घोडा आणि काही माणसं शांत उभी, आणि पुढच्या मातीवर कवट्या, बरगड्या, हाडं पसरलेली. हाडं त्याने फोटोसाठी मांडून घेतली असावीत, असं अनेक जाणकार म्हणतात. असतीलही. पण मांडायला ती तिथे होती. चार महिने उलटले होते आणि त्यांना कुणी अग्नी दिला नव्हता की माती दिली नव्हती.